नाव विकणे आहे

दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांवर चढलेली सुस्ती अजून उतरली नव्हती, आणि त्या सुस्तीतच त्याला ते नाव दिसलं. पडद्यावर लाल खूण लागलेल्या लिलावांची रांग होती. नेहमीचीच मंडळी. झटपट कर्ज देऊ म्हणणारं एक नाव. एका बँकेच्या नावात एकच अक्षर इकडचं तिकडे करून बनवलेलं दुसरं, घाईघाईत वाचणाऱ्याला गंडवायला टपलेलं. गुडघेदुखीवरच्या मलमाचं तिसरं. आणि त्यांच्यामध्ये, मोठ्या माणसांच्या बैठकीत चुकून शिरलेल्या पोरासारखं, भिंगरी डॉट कॉम. त्याने ते वाचलं आणि तो खालच्या ओळीवर गेला, कारण डोळ्यांना पुढे जायची सवय असते. खालची ओळही वाचली. मग माउसवरचा हात तसाच राहिला. कानांच्या मागे काहीतरी गरम झालं. एसीचा आवाज, जो दिवसभर कधी ऐकू येत नाही, तो एकदम ऐकू यायला लागला. जगात भिंगऱ्या काय कमी आहेत, तो स्वतःला म्हणाला. खेळण्यांचं दुकान असेल कुणाचं. नाचाचा क्लास असेल. पंख्यांची कंपनी असेल. पंख्यांची कंपनी हे त्याला विशेष पटलं, आणि त्या पटण्यावर जरा वेळ टेकून मग त्याने नावावर क्लिक केलं.

इंटरनेटवरची नावं विकली जातात, त्यांचे लिलाव होतात, आणि त्या लिलावांतली लबाडी शोधायला एक माणूस पगार देऊन बसवलेला असतो, ही गोष्ट त्याच्या आईला शेवटपर्यंत पटली नाही. ‘नाव काय विकायची वस्तू आहे? नाव ठेवायचं असतं,’ ती म्हणायची. मग थोडं थांबून, ‘आणि माणसं नावं ठेवतातही,’ असं म्हणून आपल्याच विनोदावर खुदुखुदू हसायची. ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. ते त्याने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं, कारण शंका घेण्याचेच त्याला पैसे मिळत होते. विकणाऱ्याचं खातं जुनं आहे की कालपरवा उघडलेलं. नाव खरंच त्याच्या मालकीचं आहे, की कुणाच्या मेलचा पासवर्ड पळवून परस्पर उचललेलं. बोली चढवणारे दोघे खरोखर दोघे आहेत, की एकच माणूस दोन तोंडांनी भाव वाढवतोय. या नावावर रोज एवढी गर्दी असते म्हणून दाखवलेली माणसं ही माणसं आहेत की यंत्रं. पैसे तुमच्यामार्फत कशाला, आपण परस्पर मिटवून टाकू, असं कुणी गोड बोलून सुचवलं की समजायचं, पाणी मुरतंय. इतकी वर्षं हे केल्यावर त्याला एकेक खूण पडताळावी लागत नसे. नुसत्या घाईवरून त्याला कळायचं. खऱ्या मालकाला आपल्या नावाची थोडी तरी हौस असते, तो त्याच्याविषयी दोन ओळी जास्तच लिहितो, भाव कमी आला तर रुसतो. चोराला फक्त हात मोकळे करायचे असतात.

नाव पहिल्यांदा कधी नोंदलं गेलं ते बघायची खरं तर गरज नव्हती. तरी बघितलं. त्या वर्षीचंच होतं, त्या महिन्याचं. तो आठवडा त्याला आठवला, म्हणजे आठवडा नव्हे, स्वयंपाकघरातल्या ओट्याची कड आठवली, कारण तिथेच लॅपटॉप ठेवून त्याने ते नाव घेतलं होतं आणि त्याच्या कोपराला सारखी ती कड लागत होती. बायको मागे उभी राहून म्हणाली होती, माझ्या मेलवर घे, तू विसरशील. आणि मुलगी दोघांच्या मधल्या जागेत, जी जागा फरशीच्या दोन तुकड्यांएवढी असेल नसेल, हात पसरून गोल फिरत होती. ती सरळ चालतच नसे. दारातून आत यायचं तरी एक गिरकी घेऊन, दूध प्यायला बोलावलं तरी गिरकी घेत. चक्कर यायची, धप्पकन बसायची, डोळे फिरत असताना भिंतीकडे बघून हसायची, उठून पुन्हा फिरायची. तिचं पाळण्यातलं नाव शाळेच्या दप्तरावर तेवढं लिहिलेलं होतं. घरात, जिन्यात, शेजारी, सगळीकडे ती भिंगरीच. आणि ती गोष्टी सांगायची. आपल्या मनाच्या. रुसून बसलेल्या दरवाज्याची, ज्याला कुणी ढकललेलं आवडत नव्हतं. दोन मोज्यांची, ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. तो त्या फोनवर टिपून घ्यायचा, आणि दूर राहणाऱ्या आजीला मेलमधल्या फायली उघडता येत नसत, म्हणून इंटरनेटवर ते घर बांधलं होतं. एक पान, त्यावर मोठी गोल बटणं, बटण दाबलं की नातीचा आवाज. भिंगरी डॉट कॉम. आजी रोज सकाळी सगळी बटणं दाबायची आणि मग फोन करून म्हणायची, ‘आज नवी नाही का आली?’

नवी यायची बंद झाली ती एका तापानंतर. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथून ते तिला घरी आणू शकले नाहीत. याच्या पलीकडचं त्याला आठवत नसे, किंवा आठवत असे ते नेमकं निरुपयोगी: लिफ्टजवळच्या कुंडीतलं प्लॅस्टिकचं रोप, त्याच्या पानांवरची धूळ, आणि त्या धुळीत कुणीतरी बोटाने ओढलेली रेघ. सहावं सुरू होतं तिला. त्यानंतरची काही वर्षं तो आणि बायको एकाच घरात राहिले, दोन पाहुण्यांसारखे, एकमेकांना आधी तू आधी तू करत. भांडण झालंच नाही. भांडण झालं असतं तर काहीतरी उरलं असतं असं त्याला पुढे वाटायचं. ती वस्तू देऊन टाकत होती, एकेक, कुणाकुणाला, आणि तो त्या देताना बघत होता, आणि एक दिवस तिने स्वतःचीही बॅग भरली. पुढे तिने दुसरं लग्न केल्याचं त्याला बहिणीकडून कळलं. ‘बरं झालं,’ तो म्हणाला होता, आणि ते त्याच्या मनातलं होतं. ते पान केव्हाच कोरं झालेलं, आवाज सगळे त्याच्या कपाटातल्या एका डिस्कवर होते आणि ती डिस्क त्याने कधी लावली नव्हती. पण नाव होतं. पत्त्याच्या पट्टीत ते लिहिलं तर जगातलं कुठलंतरी यंत्र, आहे, असं उत्तर देत होतं. तो ते लिहून बघत नसे. आहे, एवढं माहीत असणं पुरत होतं.

आणि आता ते चोरीला गेलं होतं. खुणा बघत गेला तसतशी त्याच्या छातीतली कळ रागात बदलत गेली आणि त्याला जवळजवळ बरं वाटायला लागलं. एकही खूण चुकलेली नव्हती. गेल्या महिन्यापर्यंत नाव पूर्वीच्या बायकोच्या नावावर, तिच्या जुन्या मेलवर होतं. मग एका दिवसात नोंदणी दुसऱ्याच कंपनीकडे हलवलेली. मालकाचं नाव झाकलेलं. विकणाऱ्याचं खातं कोरं करकरीत, त्यावर याआधी एकही व्यवहार नाही, ओळखपत्र दिलेलं नाही. भाव इतका कमी लावलेला की वस्तूची कुणाला कदर नाही हे लांबूनही कळावं. आणि वर्णनाच्या चौकटीत एकच ओळ: लवकर विकायचे आहे. तो चोर त्याला दिसायला लागला. पायजमा घालून पलंगावर बसलेला, मांडीवर लॅपटॉप, बशीत बिस्किटं, एका बाईच्या मेलमध्ये शिरून तिचं टपाल उचकटणारा, आणि या शब्दाला काय येईल बरं असा अंदाज घेणारा. त्याने लिलावाला कुलूप लावलं. बटण दाबताना हाताला जोर लागला, जसा काही दरवाजाच लोटत होता.

शेजारच्या टेबलावरून दाजी डोकावले. हिशेब विभागातल्या एकीचे ते मेहुणे, म्हणून सगळ्या ऑफिसचे दाजी. “काय शंकासुर, सापडलं का गिऱ्हाईक?”

“चोरीचं आहे.”

“कशावरून?”

“कशावरून नाही ते विचारा. नवं खातं, झाकलेला मालक, हलवलेली नोंदणी, घाई.”

“मग तुझी दिवाळीच रे. एवढं सोपं असेल तर पगार कशाचा घेतोस?” दाजी हसले आणि मग त्याच्याकडे नीट बघत म्हणाले, “तुझा चेहरा का असा झालाय?”

“जेवण अंगावर आलंय,” तो म्हणाला. ओळखीतलं प्रकरण निघालं तर ते मोठ्या बाईंकडे द्यायचं असा नियम होता. मोठ्या बाई काचेपलीकडे फोनवर बोलत होत्या, हातवारे करत, चष्मा कपाळावर. तो उठला आणि त्यांच्या दाराकडे न जाता जिन्याकडे गेला.

जिन्यात रंगाचा वास होता. भिंत अर्धी नव्या रंगाची, अर्धी जुन्या, आणि मधली रेघ वाकडी. तिचा नंबर त्याच्या फोनमध्ये अजून ‘घर’ या नावाने होता. बदलायचा राहून गेला होता. फोन वाजत असताना तो वाक्यं जुळवत होता, आधी घाबरू नकोस म्हणायचं, मग चोरीचं, मग लगेच थांबवल्याचं. इतक्या वर्षांनी तिला सांगण्यासारखं काहीतरी त्याच्या हाताशी होतं. मी वेळेवर पोचलो, असं सांगता येणार होतं.

“बोल,” ती म्हणाली. हॅलो नाही, कोण नाही.

“कामात आहेस?”

“भाजी चिरतेय. बोल ना.” मागे सुरीचा बारीक ठकठक आवाज येत होता.

“घाबरू नकोस. आपलं ते साइटचं नाव, भिंगरीचं, ते कुणीतरी पळवलंय. तुझ्या मेलमध्ये शिरलेत. आमच्याकडेच लिलावात आलं म्हणून मला दिसलं. मी थांबवलंय, काळजीचं काही नाही. तू फक्त आधी पासवर्ड बदल, आणि ते तुझंच आहे असं मला—”

सुरीचा आवाज थांबला. “पळवलं नाहीये,” ती म्हणाली.

“अगं, मी समोर बघतोय ना.”

“मीच लावलंय.”

जिन्याच्या खिडकीतून खालचं पार्किंग दिसत होतं. एक माणूस गाडी मागे घेत होता आणि दुसरा त्याला हाताने येऊ दे, येऊ दे करत होता. तो ते बघत राहिला. मग त्याच्या तोंडून जे आलं ते त्याचं त्यालाच ऐकवेना, पण दुसरं काही येतच नव्हतं. “खातं नवीन आहे,” तो म्हणाला.

“माझं आडनाव नवीन आहे.”

“नोंदणी हलवलीय.”

“जुन्या मेलचा पासवर्ड तिच्या वाढदिवसाचा होता. मला तो रोज टाकायचा नव्हता. मेलच बंद केला.”

“मालकाचं नाव झाकलंय.”

“तुला दिसू नये म्हणून. तू त्याच धंद्यात, मला काय माहीत नाही? पण इतक्या नावांत नेमकं हेच तुझ्यासमोर येईल असं नव्हतं वाटलं.”

“लवकर विकायचे आहे, असं लिहिलंस.”

“हो. आणि काय लिहायचं होतं?”

तो जिन्याच्या पायरीवर बसला. पायरी गार होती. “विकायचं कशाला पण,” तो म्हणाला. “पडून राहिलं असतं. काय खात होतं का?”

“तुला मेल येत नव्हता,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याने कान जास्त जवळ नेला. “मला यायचा. दर वर्षी. उन्हाळा संपत आला की. भिंगरीची मुदत संपत आली आहे. मग आठवड्याने पुन्हा, भिंगरीचे थोडेच दिवस उरले आहेत. मग लाल अक्षरांत, शेवटची सूचना. डॉक्टरसुद्धा इतकं स्पष्ट बोलले नव्हते रे.” ती हसल्यासारखी झाली. “पहिल्या वर्षी मी ऑफिसात होते. बाथरूममध्ये जाऊन बसले. मग दर वर्षी पैसे भरायचे, भरले की लगेच दुसरा मेल, अभिनंदन, भिंगरी आणखी एक वर्ष तुमच्याबरोबर. अभिनंदन! मी ते वाचायचे, आणि एक दिवस, खरं सांगते, एक दिवस मला आनंद झाला. खराखुरा. वाचलं एकदाचं पोर, असा. तेव्हा मी घाबरले.”

ही वाक्यं त्याच्या रोजच्या पाहण्यातली होती. या धंद्यातली सगळी यंत्रं अशीच पत्रं पाठवायची, नावाच्या जागी एक रिकामी जागा सोडलेली, त्यात ज्याचं त्याचं नाव आपोआप बसायचं. त्या रिकाम्या जागेचा त्याने कधी विचार केला नव्हता. नाव आहे एवढं माहीत असणं त्याला पुरत होतं, आणि ते असावं म्हणून ती दर वर्षी ते वाचत होती, दोघांच्या वाटचं, आणि त्याला कळवतही नव्हती. “मग भरलेच नसतेस पैसे,” तो म्हणाला. “आपोआप गेलं असतं.”

“तेही केलं होतं. मागच्या खेपेला ठरवलं, नाही भरायचे. तारीख उलटली आणि तिथे तिच्या नावापुढे आलं, मुदत संपली.” तिने सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. “मला नाही ते बघवलं. धावत जाऊन भरले, दंडासकट. म्हणून म्हटलं, विकावं. विकलं की संपत नाही ना. कुणाचं तरी होतं.”

“माझ्या नावावर कर. मला येऊ देत ते मेल. मी वाचेन.”

“नको.”

“का नको?”

“मग दर उन्हाळ्यात मी इथे बसून विचार करणार, याने भरले असतील का, हा वाचत असेल का आत्ता. तुझ्याकडे गेलं तर ते माझ्याकडून गेलेलं नसेल.” मग अगदी हळू, पूर्वी ती त्याला झोपेतून उठवताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, “जाऊ दे ना रे. नीट जाऊ दे. कुलूप काढ.”

तो जागेवर परतला तेव्हा खुर्ची थंड झाली होती. दाजी फोनवर कुणालातरी गाडीच्या टायरविषयी सांगत होते. पडद्यावर कुलुपाची खूण होती. त्याने संशय का आला या चौकटीतला आपलाच मजकूर वाचला, मुद्देसूद, एकही शब्द चुकीचा नाही, आणि पुसला. त्याजागी लिहिलं, मालकाशी बोलणे झाले, मालकी खरी. कुलूप निघालं आणि खाली झाकलेल्या बोल्या वर आल्या. दोघंच होते. त्यातल्या एकाला तो ओळखत होता. ऑफिसात त्याला टोळ म्हणत. हा प्राणी निरनिराळी खाती उघडून दिसेल त्या लिलावात उतरायचा, भाव चढवून ठेवायचा, जिंकायचा आणि पैसे भरायच्या वेळी गुल व्हायचा. मग व्यवहार रद्द, नाव पुन्हा मालकाच्या गळ्यात. कशासाठी करायचा ते कुणाला कळलं नव्हतं. आत्ता सर्वांत वरची बोली टोळाची होती. नियमाने त्याला लगेच हुसकून लावायचं असतं. खाली दुसरी, मोजूनमापून एकेक पाऊल वर चढलेली, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची.

काहीच केलं नाही तर. हा विचार त्याने केला असं म्हणता येणार नाही, तो विचार तिथे आधीपासूनच बसलेला होता. टोळाला बघितलंच नाही असं समजायचं. टोळ जिंकेल, पळेल, नाव परत येईल. ती पुन्हा लावेल, पुन्हा कुणीतरी टोळ येईल, माणूस किती वेळा लावतो, शेवटी कंटाळतो. नाव राहील. पत्त्याच्या पट्टीत लिहिलं तर, आहे, असं उत्तर येत राहील. यासाठी त्याला एक बोटही हलवायचं नव्हतं, उलट न हलवणं एवढंच करायचं होतं. आणि कुणाला कळणारही नव्हतं, कारण कळणारा माणूस तोच होता. त्याने हात मांडीखाली घेतले, लहानपणी थंडीत घ्यायचा तसे. काचेपलीकडे मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. लिलाव संध्याकाळी ऑफिस सुटायच्या सुमारास संपणार होता.

मग त्याने दुसऱ्या बोलीवाल्या बाईंना फोन लावला. नव्या गिऱ्हाइकाची खातरजमा करणं कामातच बसत होतं, पण मनात वेगळंच होतं. बाई खोट्या निघाव्यात असं त्याला वाटत होतं. आवाज अडखळावा, उत्तरं जुळू नयेत, नाव-पत्ता विचारला की गडबडाव्यात. मग दोघंही खोटे, लिलाव रद्द, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

“हो, मीच लावलीय बोली,” बाई म्हणाल्या. मागे शिलाई मशीन धडधडत होतं, मग थांबलं. “काय चुकलं का माझं? पहिल्यांदाच करतेय हो असलं काही. माझी जाऊ म्हणाली, दुकानाची पाटी नंतर रंगव, आधी नेटवरचं नाव घे, नाहीतर लोक पळवतात.”

“चुकलं नाही काही. नुसती चौकशी. हेच नाव कशाला हवंय?”

“मी मुलींचे फ्रॉक शिवते. घेराचे. त्याचं काय आहे दादा, मोठी बाई नवा कपडा घातला की आरशापुढे जाते. मुली नाही जात. अंगात गेला की आधी गोल फिरून बघतात घेर फुलतो का. सगळ्या. एकजात. लाजरी असली तरी फिरते. म्हणून म्हटलं, भिंगरी.”

त्याने पेन उचललं आणि खाली ठेवलं. “दुसरं एखादं नाव नाही चालणार?” हा प्रश्न खातरजमेत नव्हता.

“चालेल की. न चालायला काय झालं. पण हे बसलंय डोक्यात.” मग त्यांचा आवाज बदलला, सावध झाला. “दादा, काही लफडं आहे का या नावात? असलं तर आत्ताच सांगा. ऐकलंय मी, फसवतात म्हणे. मी लगेच मागे होते, मला नको ती झंझट.”

आता तर काही लबाडीही करायची गरज नव्हती. त्याने नुसता एक सुस्कारा सोडला असता तरी भागलं असतं. नुसतं ‘जरा जपून’ म्हटलं असतं, जे तो रोज कुणा ना कुणाला म्हणत असे आणि लोक त्याचे आभार मानत. पलीकडे मशीन अजून बंदच होतं. त्याला उन्हाळ्याचा शेवट दिसला, तिचं नवं स्वयंपाकघर, जे त्याने कधी बघितलं नव्हतं, आणि ओट्यावर पालथा ठेवलेला फोन, आणि तो उलटा करायला पुढे झालेला तिचा हात. तो हात मात्र त्याने पुष्कळ बघितला होता.

“नाही,” तो म्हणाला. “लफडं काही नाही. नाव चांगलं आहे. एकाच घरात होतं इतकी वर्षं.”

“मग विकतायत का?”

“त्यांना नको झालंय,” तो म्हणाला, आणि हे खोटं आहे हे कळूनही त्याला दुसरा शब्द सुचला नाही.

फोन ठेवून त्याने टोळाच्या सगळ्या बोल्या एकामागून एक काढून टाकल्या. शेवटची काढली तसा भाव घसरत घसरत तळाशी आला आणि बाईंच्या पहिल्या बोलीवर थांबला. नंतर कुणीही आलं नाही. संध्याकाळपर्यंत तो इतर नावांची कामं करत राहिला, मलमाचं नाव तपासलं, ते खरं निघालं, बँकेचं पाडलं. मधूनमधून डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिकडे बघत होता. कुणीतरी यावं असं त्याला वाटत होतं की येऊ नये, हे त्याला सांगता आलं नसतं. दाजी जाताना त्याच्या टेबलापाशी थांबले. “ते सकाळचं चोरीचं?”

“दुपारचं. चोरीचं नव्हतं.”

“तुझं चुकलं?” दाजींना खरोखर आश्चर्य वाटलं. “सगळ्या खुणा होत्या म्हणालास.”

“होत्या,” तो म्हणाला. दाजींनी काही विचारायला तोंड उघडलं, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते निघून गेले.

लिलाव संपला तेव्हा काही वाजलं नाही. ओळ हिरवी झाली, तिच्यापुढे विकले असं आलं, आणि थोड्या वेळाने ती ओळ आपोआप त्याच्या रांगेतून निघून गेली, कारण त्या रांगेत फक्त संशयाची नावं असायची.

तो चालतच निघाला. रस्त्यावर दिवे लागत होते, सगळे एकदम नाही, एकेक, अडखळत. दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी मारलेलं होतं. तो चौक ओलांडून औषधांच्या दुकानापुढे आला आणि तेवढ्यात फोन वाजला. त्यावर आलेलं ‘घर’ हे नाव बघून, दरवेळी होतं तसं, अर्धा क्षण त्याला काही कळेना.

“मला कळलं, विकलं गेलं म्हणून,” ती म्हणाली. “तू काही केलंस का?”

“नाही. आपसूक झालं.”

“कुणी घेतलं? म्हणजे, सांगत असशील तर. सांगायचं नसतं ना तुम्हाला.”

“सांगायचं नसतं,” तो म्हणाला. “शिवणकाम करतात एक बाई. लहान मुलींचे फ्रॉक शिवतात. घेराचे.”

मागे आता सुरी नव्हती, भांडी नव्हती, कुठल्यातरी बंद खोलीतून ती बोलत असावी, किंवा गच्चीवरून. त्याला तिचा श्वास ऐकू आला. तिने विचारलं, “किती वर्षांपर्यंतच्या मुलींचे?”

त्याने आठवून बघितलं. बाईंशी झालेलं सगळं बोलणं त्याने मनात पुन्हा फिरवलं. पत्ता विचारला होता, पैसे कसे भरणार ते विचारलं होतं, हेच नाव का ते विचारलं होतं.

“विचारलं नाही,” तो म्हणाला.

“विचारायचंस रे,” ती म्हणाली. “आठ-दहा वर्षांच्या मुलींचेही शिवत असतील ना? मोठ्या मापाचेही असतील ना?” आणि तिचा आवाज मधेच फुटला. दवाखान्यात ती त्याच्यासमोर रडली नव्हती, घरी नाही, बॅग भरतानाही नाही. आणि आता ती रडत होती, तोंडावर हात न धरता, मोठ्याने. असतील, शिवतच असतील, असं त्याला म्हणायचं होतं. औषधवाल्याने काउंटरवरून त्याच्याकडे बघितलं आणि काही हवंय का अशी खूण केली. त्याने मान हलवली. तो दुकानाच्या उजेडातून बाजूला झाला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि ती थांबेपर्यंत फोन कानाला धरून राहिला.